होडी लागल्याशिवाय

होडी किनाऱ्याला लागल्याशिवाय नाखवीण मासळीचं नाव तोंडातून काढत नसे. गिऱ्हाईक फोनवर विचारी, "मावशी, आज सुरमई मिळेल?" ती म्हणे, "होडी लागू दे. पाण्यातली दर्याची, वाळूवरची आपली." आणि फोन ठेवून देई.

तिचे यजमान होडीचे मालक, म्हणजे नाखवा. ते गेल्यावर मुलगा होडी नेऊ लागला, पण शब्द तिचाच चाले. आमचं गाव आतलं, भातशेतीचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजसाठी नाखविणीच्या पडवीलगतच्या खोलीत राहत होते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एक सॉफ्टवेअर करत होते. किनाऱ्यावरच्या बायकांनी फोटो एकदा टाकायचे, मग सोशल मीडियावर सगळीकडे त्यांच्या जाहिराती ठरल्या वेळी आपोआप जायच्या. नाखवीण बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. म्हणाली, "चांगलं हाय. पण ह्याला दर्या दिसतो काय गो?"

मी हसून लॅपटॉप मिटला.

प्रकल्पाच्या सरांना शुक्रवारी सॉफ्टवेअर चालताना बघायचं होतं. मी नाखविणीला न विचारता त्या दुपारी चारची जाहिरात लावून ठेवली: तिच्या होडीचा फोटो आणि खाली 'ताजी सुरमई आली'. शुक्रवारी सकाळीच वारा फिरला. बाकीच्या होड्या परतल्या, तिची नाही. बायका वाळूवर उभ्या होत्या, त्यांच्यात मीही. जाहिरात मी पार विसरले होते. चार वाजून गेले आणि नाखविणीचा फोन वाजला.

"सुरमई आली म्हणे?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"होडी लागली न्हाय अजून," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. फोन पुन्हा वाजू लागला.

शेजारीण म्हणाली, "पोरगा दर्यात, न् हिनं बाजार मांडला."

"तिला मागनं बोल," नाखवीण म्हणाली. "पोरी, पळ. आधी ते काढ."

इंटरनेट तेव्हा टेकडीवरच्या देवळापाशीच मिळे. मी धावत वर गेले. पासवर्ड दोनदा चुकला. जाहिरात काढली, पण खाली यायचं धाडस होईना. तिथूनच समुद्राकडे बघत बसले. दिवस मावळता मावळता तिची होडी दिसली. इंजिन बंद पडलेलं, दुसरी होडी तिला ओढत आणत होती. मुलगा उभा होता.

ती मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी चहा पुढे सरकवत म्हणाली, "त्यात एक बटण घाल. होडी लागली की मी दाबीन. मगच जाऊ दे."

मी बटण घातलं. सर म्हणाले, "मग आपोआप काय राहिलं?" मी अडखळत सांगितलं, "सर, होडी लागलेली फक्त तिलाच दिसते." त्यांना ते पटलं नसावं.

पुढे नवी मुंबईत नोकरीची मुलाखत दिली. "मावशी, झालंय बहुतेक," मी म्हणाले.

"पत्र हातात आलं?"

"नाही."

"मग नको बोलूस."

पत्र आलं तेव्हा नाखवीण वारून महिना झाला होता. ते घेऊन मी किनाऱ्यावर गेले. तिच्या जागी तिची सून उभी होती. आता वाळूवरही इंटरनेट मिळे. होडी वाळूला टेकली, सुनेने फोनवरचं ते बटण दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला, जाहिरात आली: 'होडी लागली.'

मग मी दर्याकडे बघून नाखविणीला सांगितलं, "मावशी, पत्र हातात आलं."