मी इंडियन वाटतच नाही

मी घारी, गोरी. पुण्यात आमच्या घरी या गोष्टीचं फार कौतुक. म्हणून लग्नानंतर अबुधाबीत आल्यावर दुकानदार माझ्याशी सरळ अरबीत बोलायला लागले, तेव्हा मी खूशच झाले. "लेबनॉनच्या का?" असं कुणी विचारलं की नुसती हसायची. तोंडानं खोटं कधी बोलले नाही हो, पण समोरचा चुकतोय म्हणून दुरुस्तही केलं नाही. "तू इंडियन वाटतच नाहीस," हे ऐकलं की दिवसभर हवेत. डोंबलाची अक्कल!

लेक मात्र वडिलांवर गेलेली, चांगली सावळी.

ती नऊ वर्षांची असताना एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही बिल्डिंगच्या स्विमिंग पूलवर गेलो होतो. नव्यानं राहायला आलेली एक युरोपियन बाई शेजारी बसून मला बेरूतबद्दल विचारत होती, आणि ज्या शहरात मी कधी पाऊल ठेवलं नाही त्याबद्दल मी मान डोलावत होते. तेवढ्यात लेक पाण्यातून बाहेर आली आणि टॉवेलसाठी माझ्यासमोर उभी राहिली. बाई कौतुकानं म्हणाली, "मेडच्या मुलीलाही पूलवर आणता? किती चांगल्या आहात!"

'ही माझी मुलगी.' एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग अर्धा तास डोलावलेल्या मानेचं काय करायचं? मी म्हटलं, "गोड आहे ना?" आणि टॉवेल पुढे केला.

लिफ्टमध्ये नेहमी मला बिलगणारी पोर त्या दिवशी मागे उभी राहिली. पिशवीही तिनंच खांद्यावर घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी मी तिला जवळ घेतलं नाही, कारण घेतलं तर ती विचारेल अशी भीती वाटली. तिनं कधीच विचारलं नाही.

आता ती सतरा वर्षांची आहे. परवा परदेशातल्या कॉलेजचा फॉर्म भरताना वंशाचा रकाना आला. "रिकामा सोडलास तरी चालतं गं," मी उगाच म्हटलं. तिनं लगेच 'इंडियन' लिहिलं. पुढे आईवडिलांची माहिती होती. बाबांच्या नावापुढेही तिनं तेच लिहिलं आणि थांबली.

"अँड यू, आई?"

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. ती खरंच विचारत होती.

"अगं, इंडियनच लिही ना."

"आर यू शुअर?" ती म्हणाली, आणि कीबोर्डवर बोटं तशीच ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.