धावपट्टीचा राखणदार

कामथडीच्या माळावर त्या काळी एका कारखानदारानं स्वतःची धावपट्टी केली होती. कुणाचंही छोटं विमान तिथं उतरू शके. तिच्या राखणदाराचा मला कायम संशय येई. शाळेला जायची माझी वाट त्या माळावरूनच होती आणि तो रोज सायकल अडवायचा. "गुरुजी, आज उशीर का वो?" असं हसून विचारी, पण डोळे माझ्या पिशवीवर असत. विमानातून कोण आलं, असं मी विचारलं की मात्र म्हणे, "म्या न्हाई बघितलं." तिथं चोरटं सोनं उतरतं आणि ह्याला सगळं ठाऊक आहे, असं गाव बोलायचं.

एका दुपारी मी शाळेतून परतत असताना मालकाचं विमान घिरट्या घालू लागलं, तेव्हा पट्टीवर तीन म्हशी उभ्या होत्या. त्या राखणारी म्हातारी बाभळीखाली झोपली होती. राखणदारानं धोतर सोडलं आणि ते फडकवत तो नुसत्या लंगोटीवर पट्टीभर धावला. विमान पुन्हा वर गेलं. म्हशी हाकलून त्यानं म्हातारीलाही ओढ्यात दडवलं.

उतरताच मालक कडाडला, "वरून काळं काळं दिसलं. म्हशीच ना? गावाची वाट उद्यापासून बंद!"

"म्हशी कुठल्या, सायेब? रानडुकरं व्हती," तो शांतपणे म्हणाला.

मालक माझ्याकडं वळला. "मास्तर, तुम्ही काय पाहिलंत?"

"डुकरंच होती," मी म्हणालो.

धोतर नेसता नेसता राखणदारानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. मास्तरसुद्धा सफाईनं खोटं बोलतो, एवढंच त्यानं ओळखून ठेवलं असावं.