डावीकडच्या दोन खुर्च्या

तिकिटांच्या नकाशात डावीकडचा पट्टा हिरवा होता. हिरवा म्हणजे जागा शिल्लक. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पाचच मिनिटांत मित्राला कळवलं की बसायच्या जागा संपल्या.

आम्ही चौघं जळगावला एका कॉलेजात होतो. रविवारी सकाळच्या एसटीने तिघं दीपनगरला जायचो, चौथ्याच्या घरी. त्याचे वडील वीज केंद्रात होते आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये दोन सुट्या स्पीकरांचा टेप होता. खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, आणि बरोबर मध्ये सतरंजीवर एक जागा, जिथे बसलं की दोन्हीकडची गिटार डोक्यात येऊन मिळायची. त्या जागेला पाळी होती. कॅसेटची बाजू उलटली की माणूस बदलायचा. घरचा मुलगा मात्र पाळीत नसायचा. लहानपणी कान फुटून त्याचा डावा कान गेलेला. तो डाव्या टोकाला बसायचा, म्हणजे चांगला कान आवाजाकडे. ज्याची ही तिकिटं होती त्या बॅन्डची पहिली कॅसेट त्यानेच आम्हाला ऐकवली. इंग्रजी गाण्यांचे शब्द एका कानाने ऐकून वहीत उतरवायचा आणि आम्हाला द्यायचा. आम्ही दोन-दोन कानांचे, ते पाठ करून कॉलेजात भाव खायचो.

आता बॅन्डवाले सत्तरीच्या पुढे गेलेले. मुंबईला येणार म्हणून बातमी आली आणि आमचा झोपलेला ग्रुप जागा झाला. एकाचं जळगावात सराफी दुकान आहे, एक रावेरकडे केळीच्या व्यापारात, मी धुळ्याला मास्तर. पहिल्या दिवशी गाण्यांवर बोललो असू. नंतर आठवडाभर फक्त भाव आणि जागा.

"मागून काय, ठिपके बघायचे?" सराफ म्हणाला. "घ्यायचं तर स्टेजसमोरचं घ्या. वेगळा गेट, वेगळा बार, वेगळं टॉयलेट."

"आपल्या घडाला भाव एकच असतो भो," केळीवाला म्हणाला. "इथे पुढून कापलं की सोनं आन् मागून कापलं की भुसा?"

"मग तू जा भुशात."

"मी काहून जाऊ? फोटो कसा येईन?"

वाचताना मला किळस यायची, आणि वाचून झालं की मी अंगठा द्यायचो. समोरच्या कुंपणात उभं राहायचं होतं मलाही. तीस वर्षांपूर्वी सतरंजीवर बसून ऐकलेली माणसं हाताच्या अंतरावर बघायची होती.

चौथ्याने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. मला एकट्याला निरोप पाठवला. "तुझ्याकडे ते बँकेचं आधी तिकीट देणारं कार्ड आहे ना? माझ्यासाठी डावीकडची बसायची जागा बघ. उजवा कान स्टेजकडे आला पाहिजे. खूप वेळ उभं राहवत नाही आता."

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी बसायला हवं होतं. तो कोणीतरी मीच, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ती जागा लांब होती. स्वस्त होती, हे मुद्दाम सांगतो, कारण पैशाची सबब मला मिळू नये.

कार्डवाल्यांना तिकिटं खुली व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं फोनवर होतो. केळीवाल्याने विचारलं, "दीपनगरचं काय करायचं?" मी म्हणालो, "अर्ध्या कानाला पुरं तिकीट कशाला?" तिघंही हसलो. सर्वांत जास्त मी.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून फोनवरच्या ऑनलाइन रांगेतून आत पोहोचलो, तेव्हा डावीकडे लागून असलेल्या दोन खुर्च्या हिरव्या दिसत होत्या. त्यांवर बोट ठेवलं. वर पैसे भरायच्या मुदतीचं घड्याळ उलटं चालू झालं. मग बोट उचललं आणि समोरची तीन काढली.

"बसायच्या संपल्या रे. उभ्याचीच आहेत, तुला झेपायची नाहीत."

"ठीक आहे," त्याने लिहिलं. "तुम्हाला तरी मिळाली ना."

सराफाच्या गाडीतून मुंबईला गेलो. कुंपणात आमच्यासारखेच होते सगळे, पोटं सुटलेले, नवे काळे टीशर्ट घातलेले. एकजण स्टेजकडे पाठ करून प्लॉटचा सौदा बोलत होता. दुसऱ्याने आख्खं गाणं स्वतःचं तोंड चित्रित केलं. म्हाताऱ्याने गिटारवर पहिला सूर काढला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी कुणाची तरी बिअर माझ्या पाठीवर सांडली. "सॉरी अंकल." डावीकडे पाहिलं. खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या.

केळीवाल्याला उमाळा आला. त्याने दीपनगरला व्हिडिओ कॉल लावला आणि ओरडला, "बघ भो, किती जवळ आहे आपण!" फोन त्याने चौफेर फिरवला, डावीकडेही. मी त्याचा हात धरायला गेलो. पण स्क्रीनवर तोंड नव्हतंच, नुसता एक कान होता, स्क्रीनभर. तो बघत नव्हता, ऐकत होता. मी सुटलो म्हणून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

पंधरा दिवसांनी दीपनगरला गेलो, त्याच्यासाठी आणलेला टीशर्ट घेऊन. आता तोही वीज केंद्रातच आहे, क्वार्टर वेगळं, टेप तोच. त्याने कॅसेट लावली, मला मधली जागा दिली आणि स्वतः डाव्या टोकाला बसला. जागा होत्या हे सांगायलाच मी आलो होतो. मी उठलो, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि खालच्या आवाजात सगळं बोलून टाकलं. खुर्च्या, घड्याळ, अर्ध्या कानाचं ते वाक्यसुद्धा. त्या कानाला ऐकू येत नाही हे मला पन्नाशीला नव्याने कळायचं नव्हतं.

त्याने टेप बंद केला.

"इकडून बोल," म्हणाला, आणि उजव्या कानाला हात लावला.

मी उठून पलीकडे गेलो. पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा शब्द निघत नव्हते.

"डावीकडच्या जागा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तिकिटं खुली झाली तेव्हाही होत्या," शेवटी म्हणाला. "मी पण नकाशा उघडून बसलो होतो. एकट्याचं काढणार होतो."

"मग काढलं का नाही?"

"तू म्हणालास ना, संपल्या."

मला वाटलं आता शिव्या देईल. मी वाटच बघत होतो त्या शिव्यांची. त्याने कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली, डबी कपाटात ठेवली. टीशर्टची पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"चल, तुझी धुळ्याची गाडी चुकेल."

गाडीला दोन तास होते. मी चपला घातल्या.