तेराचा डझन

समता मॅडमचं नाव निघालं की माह्या तोंडातून दुआच निघते. पण सुरवातीले म्या त्यायले मनातल्या मनात लय शिव्या घातल्या, तेबी सांगून टाकते. लपवून काय फायदा?

मी खुर्शीदा. चिखलीच्या बाजारात बांगड्या भरते. माही आसमा तिसरीत, मॅडमच्याच वर्गात. घरी हिंदीत तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाई, शाळेत मराठीत मात्र मुकी. चाचणीत डझनाची पाच गणितं आलती, पाचही चुकली. एक डझन केळी म्हणजे किती, तं तेरा. दोन डझन, तं सव्वीस! वर्गात उत्तरं वाचली तवा सारा वर्ग खदखदा हसला. पोरगी रडत घरी आली, "अम्मी, मैं अब नहीं जाती." म्हटलं, नको जाऊ बाई, बस दुकानावर. पोरीचं हसं करणारी शाळा मले नाई पायजे.

संध्याकाळी मॅडम तिचा पेपर घेऊन दुकानावरच आल्या. खामगावकडच्या, नवीनच बदलून आलेल्या. समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून बाजूले बसल्या. म्या सत्यभामाबाईच्या हातात बारा बांगड्या भरल्या अन् वरून एक सरकवली.

"हे काऊन?" मॅडमनं इचारलं.

"दुआची हाय. सासूपासून चालत आलं. आमच्या दुकानात डझन तेराचाच."

मॅडमनं पेपराकडं पायलं, माह्याकडं पायलं, अन् तशाच उठून गेल्या. माही तं तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या धंद्याले हसाले आलती वाटते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाखला काढाले शाळेत गेली. आसमाले वर्गात पुस्तकं परत कराले धाडलं अन् मी दाराशी उभी राह्यली. मॅडमनं पुस्तकं घेतलीच नाईत. पोरीले खांद्याले धरून फळ्यापाशी उभं केलं अन् वर्गाले म्हणाल्या, "आसमाचा डझन तिच्या घरचा हाय, अन् तिच्या घरी तो बरोबर हाय. तेरा कुठून आले, हे म्या इचारलंच नाई. चूक माही. अन् तुमी हसले, तवा मी गप बसली, तेबी माहीच चूक."

आमच्या वक्ताले मास्तर चुकला तरी छडी आमालेच बसे.

मंग मॅडमनं साऱ्यायले इचारलं, तुमच्या घरी कसं मोजते? आंबेवाल्या गुलाबरावची काजल टुणकन उठली, "आमच्या आंब्याचा शेकडा एकशेपाचचा!" पोरं पुन्हा हसली, पण ह्या खेपेले आसमाबी हसली. मॅडमनं फळ्यावर दोन खण पाडले, एक घरचा, एक पुस्तकाचा, अन् खडू तिच्या हातात देला. तिनं एकात तेरा लिहिले, एकात बारा. मंग कोणी न इचारता वरच्या एका बांगडीचं सांगू लागली. मराठीत! अडखळत होती, पण थांबली नाई. अल्ला त्या मॅडमले लाख वर्सं ठेवो.

मांगून हेडमास्तर आले. "बाई, काय काम होतं?"

"काई नाई सर," म्या डोळे पुसत म्हटलं, "पोरगी शाळेत कशी बोलते, ते आयकाले आलती."