इथे माणूस अडकतो

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे टॅबराव म्हणायचे. जन्मापासून आंधळे. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबत ते वेबसाइटवर एकेक पाऊल पुढे सरकायचे, आणि कॉम्प्युटर त्यांना हेडफोनमधून वाचून दाखवायचा, तेही अशा वेगात की आम्हाला नुसती कुरकुर ऐकू यावी. त्यांचा स्क्रीन कायम बंद आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. नव्या माणसांना वाटायचं, दोघांचं भांडण झालंय.

आंधळ्या माणसाला वेबसाइट वापरता येते का, हे तपासणं त्यांचं काम. ते सांगतील ते दुरुस्त करणं माझं. चौदा वर्षं त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. बाकीचे तपासनीस नियमाचा क्रमांक टाकून मोकळे होतात. हे मात्र कुठल्या बटणावर काय ऐकू आलं ते सविस्तर लिहायचे आणि खाली त्यांचं ठरलेलं वाक्य: ‘इथे माणूस अडकतो.’ एकदा मी वैतागून विचारलं, की हा माणूस म्हणजे तुम्हीच ना? त्यावर ते म्हणाले, मी पगार घेऊन अडकतो, माझं सोडा.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं. रोज सकाळी ती त्यांना ऑफिसच्या दारापर्यंत सोडायची आणि आत पाठवण्याआधी त्यांच्या शर्टाची बटणं तपासायची. पन्नाशीचा माणूस आमच्यासमोर लाजून लाल व्हायचा, पण हलायचा नाही. आम्ही मागून हसायचो.

गेल्या वर्षी एका हॉस्पिटलची वेबसाइट आमच्याकडे आली. डॉक्टरांची वेळ फोनवर मिळणं बंद, जे काही घ्यायचं ते वेबसाइटवरूनच. टॅबरावांनी लिहिलं, कॅलेंडरमधल्या तारखा ऐकूच येत नाहीत, इथे माणूस अडकतो. आणि ते लांबच्या रजेवर गेले, कारण ताईला धाप लागत होती, तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं.

साहेबांना काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं. प्रत्येक तारखेच्या बटणाला कानात ऐकू येईल असं तिचं नाव नीट द्यायचं, भरलेली कुठली ते सांगायचं, म्हणजे बसून करायचं काम. मी काय केलं? सगळ्या बटणांना एका झटक्यात एकच नाव दिलं: ‘तारीख’. आमचं तपासणीचं मशीन एवढंच बघतं, की बटणाला नाव आहे की नाही. शंभरपैकी शंभर आले. ‘अंध तपासनीसाने पाहिले’ या ओळीपुढे मी डोळे झाकून सही ठोकली. घरी जाऊन शांत झोपलेसुद्धा.

दोन महिन्यांनी ताईचं दुखणं वाढलं. टॅबरावांनी घरून त्याच वेबसाइटवर वेळ घेतली. त्या दिवशी नऊ तारीख होती, त्यांना बारा हवी होती. कानात नुसतं तारीख, तारीख, तारीख. मग त्यांनी नऊपासून मोजत चौथ्या बटणावर एंटर दाबलं. भरलेल्या तारखांवर टॅब थांबत नाही, हे त्यांना कसं कळणार? वेळ मिळाल्याची चिठ्ठी आली, ती म्हणजे क्यूआर कोड, ठिपक्यांचा एक चौकोन. तो ताईलाही वाचता येणार नव्हता.

बारा तारखेला दोघं हॉस्पिटलात गेली. खिडकीवरच्या बाईने चौकोन मशीनवर धरला आणि सांगितलं, तुमची सव्वीस. आज जागा नाही. ताईच म्हणाली, चल, आज जरा बरं वाटतंय. सव्वीस तारीख तिने पाहिली नाही. एकोणीसला गेली.

टॅबराव कामावर आले ते महिन्याने, काठी टेकत, एकटे. सरळ माझ्या टेबलाशी आले, हॉस्पिटलची वेबसाइट उघडायला लावली, चाचपून माझा स्क्रीन बंद केला आणि आपला हेडफोन जोडून माझ्या कानांवर चढवला.

“बारा तारीख घे,” ते म्हणाले.

मी टॅब दाबत राहिले.

“कितवी आली?”

“कळत नाही.”

“हं. मला वाटलं, माझाच हात चुकला. सही कोणाची आहे गं?”

माझी, असं मी सांगितलं. ते चिडले असते तर मी सुटले असते. पण आवाज न चढवता ते म्हणाले, “ताई म्हणत होती, शेजारच्यांना बोलवू. मीच नको म्हटलं. म्हटलं, आमच्या ऑफिसने तपासलीय ती, काळजी करू नकोस.”

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. चाळीस! टॅबरावांनी सगळ्या तारखा एकेक करून ऐकल्या, कुठली रिकामी, कुठली भरलेली. मग अहवालात त्यांनी लिहिलं, की आता बारा तारीख घेता येते.

ते जायला उठले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या शर्टाचं प्रत्येक बटण एक काज सोडून लागलं होतं. ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. दिवसभर ते तसेच वावरले.