सिस्टरबाईंचा दाखला

सिस्टरबाईंना नमस्कार केला की त्या आधी डोळा बघत. अंगठ्यानं खालची पापणी ओढायच्या, आतला रंग बघायच्या आणि मगच "बरी हायस न्हवं?" असं विचारायच्या. एका लग्नात त्यांनी हळद लागलेल्या नवरीचीही पापणी ओढली होती. करवल्या तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. बाईंनी मात्र नवरीच्या आईला बाजूला घेऊन पोरीला काय खायला घालायचं ते सांगितलं आणि मगच त्या पंगतीला बसल्या.

बिद्रीजवळच्या आमच्या गावात त्या उपकेंद्राच्या नर्स होत्या. शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांची तपासणी असली की वजनकाटा घेऊन यायच्या. वजन, उंची, डोळे, दात आणि शेवटी बोटाला टोचून रक्त. "आजारी पडल्यावर समदीच येत्यात माज्याकडं. तुमी पडायच्या आदी या," असं त्यांचं म्हणणं. कुणी रडलं तर समजूत वगैरे घालत नसत. "रड की, कोण नगं म्हणतंय? बोट तेवढं हलवू नगंस."

दर सोमवारी शाळेत लोहाची गोळी मिळायची. तिनं मळमळतं म्हणून पोरी ती गालात धरायच्या आणि मैदानाकडच्या जास्वंदीच्या आळ्यात टाकायच्या. एकदा बाईंना तिथं निळ्या गोळ्यांचा चिखलच सापडला. तेव्हापासून त्या प्रत्येकीला आ करायला लावत, आणि पोरींच्या शब्दावरचा त्यांचा विश्वासही उडाला.

मी तेव्हा नववीत होते. कबड्डीत माझी चढाई चांगली होती, पण परत आले की धाप लागायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. तपासणीत माझं हिमोग्लोबिन आठ निघालं; बारा तरी हवं होतं. बाईंनी घरी रोज घ्यायला गोळ्या दिल्या. पुढे जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं. फक्त तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. त्यावर सही डॉक्टरांची असे, पण बाईंनी मान हलवल्याशिवाय डॉक्टर पेन उघडत नसत. तीन महिन्यांनी बाईंनी पुन्हा टोचलं, तर आकडा जागचा हललेला नव्हता.

"गोळ्या कुठं टाकल्यास?" बाईंनी सगळ्या रांगेसमोर विचारलं.

"गिळल्या बाई. आईची शप्पत."

"आईला कशाला मधी आणतीस? खोटारडी कुठली."

मी एकही गोळी टाकली नव्हती. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तक्रार घेऊन घरीच आल्या. भाऊ तालमीतून येऊन उकडलेली अंडी खात होता. आईनं बाईंना चहा दिला, मग माझ्या हातावर गोळी ठेवली आणि माझ्याही पुढ्यात चहा सरकवला. "बघा सिस्टर, रोज माज्या डोळ्यांम्होरं गिळती. मळमळतंय म्हणून गरम च्यासंगं देती."

बाईंनी आपला कप खाली ठेवला. "वैनी, च्यासंगं घेतली की ही गोळी अंगाला लागत न्हाय. जेवल्यावर पाण्यासंगं द्या. चुकी माजी. म्या सांगितलंच न्हाय." मग भावाच्या ताटलीकडे बघत म्हणाल्या, "आणि खेळत्यात दोघं, तर अंडी एकालाच का?" दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात अंडं आलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर बाई शाळेत आल्या आणि सगळ्या वर्गांसमोर उभ्या राहिल्या. "म्या हिला खोटारडी म्हटलं. ही खरं बोलत हुती. माफ कर गं बाळ." मोठ्या माणसानं माझी माफी मागण्याची ती पहिलीच वेळ. मला वाटलं, आता दाखला मिळणार. मी त्यांच्यामागं फाटकापर्यंत पळत गेले.

"माफी येगळी, दाखला येगळा," बाई म्हणाल्या. "मैदानात पडलीस तर तुज्या आईला काय सांगू?"

संघ माझ्याविना गेला. बाई दिसल्या की मी कितीतरी दिवस रस्ता बदलत होते. पुढच्या वर्षी माझं रक्त वाढलं आणि दाखल्याचा कागद बाईंनी स्वतः आणून दिला. आज मी कबनूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. एखाद्या पोरीला खोटी ठरवण्याआधी मी थांबते, ते बाईंमुळे.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले. निवृत्तीनंतर त्या कोल्हापुरात लेकाकडे राहतात. खूप वाळल्या होत्या. दोन पायऱ्या चढूनही त्यांना दम लागत होता. लेकानं चहा आणून ठेवला आणि तो आत गेला. मी नमस्कार केला, आणि हात आपोआप त्यांच्या डोळ्याकडे गेला. पापणी ओढली. आत पांढरंफटक.

"काय दिसतंय?"

"उद्या दवाखान्यात न्यायला येते तुम्हाला."

"वय झालं गं, दुसरं काय?" त्यांनी आवाज खाली आणला. "लेकाला सांग, डोळं चांगलं लाल हायत म्हणून. उगं घाबरंल त्यो. एवढं ऐक माजं. तुज्यावर माया केली न्हवं म्या?"

मी म्हणाले, "बाई, माया येगळी, दाखला येगळा."

बाईंनी हातातला चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आता गोळ्या चालू हुतील, च्या नगं."