पुल्खाना म्हणजे काम

नवऱ्याच्या नोकरीसाठी आखातात, बौशरला राहायला गेलो तेव्हा माझ्या व्हिशावर स्पष्ट लिहिलं होतं: नोकरी करायला परवानगी नाही. ठाण्यात मी शाळेत गणित शिकवत होते. इथे मुलीला स्कूल बसमध्ये बसवलं की दुपारपर्यंत मी आणि एसीची घरघर. लायसन्स नाही, बाहेर पाऊल टाकावं तर चटके. फोनवर आई विचारायची, "काय करतेस गं दिवसभर?" माझं डोकंच फिरायचं. "झोपा काढते," म्हणायचे.

वरच्या मजल्यावर एक इराकी ख्रिश्चन बाई राहायची. मोडक्या इंग्रजीत आमची गट्टी जमली. एकदा माझ्या ओट्यापाशी दोघी कणीक मळत होतो. मळून झाल्यावर तिने आपल्या गोळ्यावर बोटाने क्रूस काढला. मी माझ्या गोळ्यावर बोटं उमटवली, नुसता गोळा पिंडासारखा दिसतो म्हणून. खूप हसलो.

"कामाला तुमच्यात काय म्हणतात?" मी सहज विचारलं.

"पुल्खाना." घरी ती अरबी नव्हे, अरामी बोलायची, आणि आपल्या गावी चर्चमध्ये मुलांना तीच शिकवायची. मग काय, बाईंना विषयच मिळाला! मुळात म्हणे जमीन फोडणं, नांगरणं. त्यावरून राबणं, मग कोणाची तरी चाकरी, आणि शेवटी देवाची सेवा, पूजासुद्धा. जुन्या पोथ्यांत शेतकरी आणि शिपाई दोघांनाही त्याच मुळातला शब्द. अरबांचा शेतकरी, 'फल्लाह', तो शब्दही अरामीतूनच गेलेला, हे तिने दोनदा ऐकवलं.

मी चिडलेच. "वा गं वा! मर मर मरायचं आणि त्याला पूजा म्हणायचं? आमच्याकडे ऑफिसात अशाच पाट्या लावतात."

ती शांतपणे म्हणाली, "तुला तर मरायलाही मिळत नाहीये."

लागलं मला ते. नांगऱ्या, चाकर, शिपाई, पुजारी, सगळ्यांना त्या एका शब्दात जागा होती. मी मात्र काम येत असून घरात कोंडलेली.

त्याच सुमारास मदिनत सुलतान काबूस या जवळच्या भागातल्या एका शाळेने मला गणितासाठी बोलावलं. व्हिसा बदलायला नवऱ्याच्या कंपनीचं ना हरकत पत्र हवं होतं. "मागतो," नवरा म्हणाला. रोज विचारायचे. तो हसून "इन्शाल्ला" म्हणायचा. शेवटी शाळेने दुसरी बाई घेतली. मी नळ सोडून रडले. कंपनीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

पुढच्या शुक्रवारी नवऱ्याचे साहेब सहकुटुंब जेवायला आले. मुंबईचेच. मी आमटी वाढत होते आणि राहवलंच नाही. "साहेब, माझं पत्र एवढं कुठे अडलं होतं हो?"

"कसलं पत्र, वहिनी?"

नवरा ताटात बघत भात कालवत राहिला. मी सगळं सांगितलं. साहेब गोंधळले. "अहो, एका सहीचं काम! माझ्याकडे कोणी मागितलंच नाही."

"जाऊ दे ना आता," नवरा म्हणाला. "तुला काय कमी आहे इथे? आमटी वाढ त्यांना."

मी आमटीचं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "तू वाढ."